लॅमिनेशनमधला कॅचर

बेसबॉल मला आजही धड कळत नाही. नवरा मॅच लावून समजावतो, मी मान डोलावते आणि थोड्या वेळाने विचारते, "पण मग तो पळाला कशाला?" तो कपाळावर हात मारतो. जुनी बेसबॉल कार्डं म्हणाल तर मात्र डेट्रॉइटजवळच्या आमच्या नोव्हाय गावातल्या मराठी बायकांत माझा हात धरणारं कोणी नाही. तशी या बाबतीत माझ्याशी स्पर्धा करायला कोणी येतही नाही म्हणा.

हा नाद मला लागला तो लग्न करून इथे आले तेव्हा. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, काम करायची परवानगी नाही, गाडी चालवता येत नाही. शनिवारी लोक गॅरेजपुढे टेबलं मांडून घरातलं जुनंपानं विकायला बसत, तेवढीच करमणूक. अशाच एका टेबलावर बुटाच्या खोक्यात ही कार्डं होती. साठच्या दशकातली, पोरांना बबलगमच्या पाकिटात मिळायची ती. तळहातावर मावणारा पुठ्ठा, पुढे खेळाडूचा फोटो, मागे बारीक अक्षरात त्याची सगळी कुंडली. मला आमच्या नागपूरच्या घरातली फाइल आठवली. लहानपणी मी काडेपेट्यांचे छाप जमवायची. बाबा ते पाण्यात भिजवून सोडवायचे, पेपरात दाबून वाळवायचे आणि ऑफिसातल्या जुन्या फायलीत ओळीने चिकटवून द्यायचे. मी ते खोकं उचललं. या देशात मला माझं असं काहीतरी हवं होतं, नवऱ्यामुळे मिळालेलं नव्हे.

पुढे नोकरी लागली, गाडी शिकले, घर झालं, पण नाद काही सुटला नाही. मला सुटी कार्डं नको असतात, सेट हवा असतो. एका वर्षी निघालेली सगळीच्या सगळी, नंबराप्रमाणे, बाइंडरच्या पारदर्शक खिशांत. मोठ्या खेळाडूमागे सगळेच धावतात. माझा जीव अडकतो तो कोपऱ्यातल्या रिकाम्या खिशात.

तर त्या पहिल्या खोक्यातल्या सेटमध्ये शेवटी एकच खिसा रिकामा राहिला. कार्ड होतं एका राखीव कॅचरचं, म्हणजे आपल्या विकेटकीपरसारख्या खेळाडूचं. त्याला त्याच्या आईशिवाय कोणी ओळखत असेल असं वाटत नाही. पण ते निघालं सीझनच्या अगदी शेवटच्या खेपेत. तोवर पोरांचं लक्ष फुटबॉलकडे वळलेलं, त्यामुळे ती खेप छापलीच कमी. मी वर्षानुवर्षं शोधलं. मिळायचं ते दुमडलेलं, नाहीतर कोणी त्यावर पेनाने मिशा काढलेल्या. या धंद्यात कार्डाचे चार कोपरे म्हणजे सगळं काही. ते टोकदार हवेत. कार्ड धरायचं कडांनी, बोट फोटोवर टेकवायचं नाही, चिकटवणं, पुसणं, कापणं तर सोडाच.

अखेर ते कार्ड मला सापडलं डेट्रॉइटच्या बाजूला एका शाळेच्या हॉलमध्ये भरणाऱ्या कार्डांच्या बाजारात. तिथे एक म्हातारा विक्रेता बसतो. माझी चिकाटी बघून त्याने ते माझ्यासाठी बाजूला ठेवलं होतं. कोपरे असे, की बघत राहावं. मी ते घरी आणलं आणि मुद्दामच खिशात घातलं नाही. बाबा येणार होते सहा महिन्यांच्या मुक्कामाला. त्यांच्या हातून शेवटचा खिसा भरायचा, असं मी मनात धरलं होतं.

बाबा पाटबंधारे खात्यात रेकॉर्डच्या विभागात होते. वाळवी, ओल आणि उंदीर हे त्यांचे तीन शत्रू, आणि लॅमिनेशन हा त्यांचा देव. आमच्या मार्कशीटा, रेशनकार्ड, आजोबांचा एकुलता एक फोटो, सगळं त्यांनी प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवलेलं. माझ्या लग्नाची पत्रिकासुद्धा. एवढं सगळं ठाऊक असून मला सुचू नये, याचं आजही नवल वाटतं.

ते आले आणि आठवड्याभरातच बाहेर बर्फ सुरू झाला. मी आणि नवरा ऑफिसला गेलो की बाबा घरात एकटे. एके दिवशी मी परत आले तर दारातच उभे, अंगात इस्त्रीचा शर्ट, चेहरा उजळलेला.

"बेटा, डोळे मीट आणि हात पुढे कर."

मी हात पुढे केला. हातावर काहीतरी गुळगुळीत, कोमट आलं. डोळे उघडले तर माझा कॅचर. रविवारच्या मराठी शाळेच्या बाराखडीच्या तक्त्यांसाठी मी आणलेल्या लॅमिनेशनच्या मशीनमधून बाबांनी त्याला काढला होता. चहूबाजूंनी प्लॅस्टिकची सारखी कड सोडलेली, पाणी शिरू नये म्हणून. आणि प्लॅस्टिकचे कोपरे कात्रीने गोल केलेले, खिशाला टोचू नयेत म्हणून.

"आधी एकच करून पाहिलं," बाबा म्हणाले. "हे तू वेगळं काढून ठेवलं होतंस, म्हटलं महत्त्वाचं असेल. आता शंभर वर्षं काही होत नाही त्याला. बाकीची उद्या बसून करतो."

मी नागपूरची, फटकळ, रागावले तर समोर कोण आहे ते बघत नाही. पण त्या दिवशी मी आधी प्लॅस्टिकच्या आतले कार्डाचे कोपरे पाहिले. मी कार्ड उलटं केलं. मागे, खेळाडूच्या कुंडलीवर, प्लॅस्टिकच्या आत एक चिठ्ठी होती. बाबा प्रत्येक कागदात घालायचे तशीच. ठळक इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं: सापडल्यास परत करावे. त्याखाली 'कुमारी' लावून माझं माहेरचं नाव. आणि मग, कायमचा पत्ता: घर नंबर, पाण्याच्या टाकीजवळ, नागपूर.

"बाबा, इथला पत्ता टाकायचा ना," मी कसंबसं म्हटलं.

"इथली घरं तुम्ही बदलत असता. कायमचा पत्ता तोच असतो."

तेवढ्यात नवरा आला. त्याने कार्ड पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि सगळं समजला. माणूस पुण्याचा, एरवी चूक काढल्याशिवाय चहा पीत नाही. पण तो म्हणाला, "वा, बाबा, काय सफाई आहे!" आणि रात्रीच्या जेवणाआधी मशीन उघडून आतली एक तार गुपचूप कापून टाकली. दुसऱ्या दिवशी बाबा मशीनशी खाटखूट करत बसले. शेवटी "चायनीज माल, यार" असं जावयाच्याच शब्दांत म्हणून त्यांनी नाद सोडला.

बाबांनी ते कार्ड स्वतःच्या हाताने शेवटच्या खिशात सरकवलं. प्लॅस्टिकच्या कडेमुळे ते पूर्ण आत जात नव्हतं, थोडं वर डोकावत राहिलं. सेट पूर्ण झाला म्हणून त्यांनी शिरा केला, नागपूरला फोन लावून माझ्या भावाला सांगितलं, शेजारच्या काकूंनाही सांगितलं. मी शिरा खाल्ला. चांगला झाला होता, बेदाणे जरा जास्त पडले होते. जमवणाऱ्यांच्या हिशेबात तो खिसा अजून रिकामाच होता, कारण लॅमिनेट केलेल्या कार्डाला कोणी कार्ड म्हणत नाही. मला दुसरं शोधायचं होतं, आणि बाबांना त्याचा पत्ता लागू द्यायचा नव्हता.

पुढच्या बाजाराला बाबा हट्टाने बरोबर आले. मला वाटलं होतं हॉल बघतील, कॉफी पितील. त्यांनी सरळ त्या म्हाताऱ्या विक्रेत्यापुढे जाऊन शर्टाच्या खिशातून कॅचर काढला. निघताना बाइंडरमधून कधी काढून घेतला, मला कळलंही नव्हतं. ज्याने ते कार्ड डोळ्यांत तेल घालून माझ्यासाठी जपलं, त्याच्याच हातात ते या रूपात. म्हाताऱ्याने ते खूप वेळ धरून ठेवलं. गोल केलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. मग माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नको, बोलू नका.

"सर," तो बाबांना म्हणाला, "याला आता कोणी इजा करू शकत नाही."

बाबा परतीच्या वाटेवर गाडीत गुणगुणत होते. त्या म्हाताऱ्याचे उपकार मी विसरणार नाही.

त्यानंतर बाबा पुन्हा आलेच नाहीत. आधी गुडघे, मग श्वास. फोनवर हमखास विचारायचे, "कॅचर कसा आहे?" मी म्हणायचे, "ठणठणीत." मग ते खोकत खोकत हसायचे. मी मनाशी ठरवलं होतं, दुसरं कार्ड मिळालं की सेट खराखुरा पूर्ण करायचा, आणि कारण न सांगता फोनवरूनच बाबांना शिरा करायला लावायचा. ते कार्ड मिळायच्या आत बाबा गेले. मी शेवटी त्यांच्याजवळ होते, तेवढं माझ्या वाट्याला आलं. भाऊ बंगळुरूला, मी इथे. नागपूरचं घर बिल्डरला दिलं. भावाने नंतर फोटो पाठवला, तर तिथे पत्र्याचं कुंपण आणि मागे नुसती मोकळी माती. पाण्याची टाकी तेवढी दिसत होती. तो फोटो मी डिलीट केला, आणि मग केला म्हणून हळहळले.

गेल्या हिवाळ्यात म्हाताऱ्या विक्रेत्याचा फोन आला. "तुझ्या वडिलांच्या कॅचरचा जुळा भाऊ सापडलाय." मी गेले. कोपरे चारही टोकदार, फोटो स्वच्छ. घरी आणून लॅमिनेटवाला काढला, नवा सरकवला. तो अगदी नीट बसला, कुठूनही डोकावला नाही. सेट पूर्ण झाला. मी बाइंडर मांडीवर घेऊन बसून राहिले. नवरा म्हणाला, "अगं, शिरा करूया का?" मी म्हटलं, नको. मला बाबा हवे होते. "बाकीची केव्हा करायची लॅमिनेट?" असं विचारणारे बाबा हवे होते, आणि मशीनची ती तार मी स्वतः जोडून दिली असती.

जुना कॅचर मी पाकिटात ठेवला, लायसन्सच्या मागे. तिथे तो खिशाला टोचत नाही, बाबांनी कोपरे गोल केले आहेत ना.

या वसंतात एकदा लायब्ररीत पुस्तकं परत करताना पाकीट काउंटरवरच विसरले. घरापाशी गाडी लावताना लक्षात आलं आणि जीव नुसता कासावीस झाला. पैसे, बँकेची कार्डं, लायसन्स, कशाचीच आठवण झाली नाही. तशीच मागे फिरले. काउंटरवरच्या मुलीने पाकीट जपून ठेवलं होतं. खात्रीसाठी तिने नाव विचारलं, पत्ता विचारला. मी नोव्हायचा सांगितला. तिने लायसन्सवर पाहून मान डोलावली. मग तिने मागचं कार्ड काढलं, उलटं केलं आणि बाबांचं अक्षर सावकाश वाचलं.

"यात आणखी एक पत्ता आहे," ती म्हणाली. "कायमचा, असं लिहिलंय. हा अजून चालू आहे का?"

मी म्हटलं, "हो."