चार बोटं मोकळी जागा

फोन आला तेव्हा मी तांदूळ पाखडत होते. "आत्याबाई, करुणा मॅडम गेल्या." मलेरिया डोक्यात चढला होता. ज्या दवाखान्यात ती कामाला होती, तिथल्याच खाटेवर... मी सूप खाली ठेवलं. रडू आलं नाही. खोटं कशाला लिहू?

करुणा माझ्या भावाची मुलगी. चामोर्शीच्या पुढे जंगलातल्या एका दवाखान्याचा सर्व्हर ती सांभाळायची. मी चौथी शिकलेली. गुडघे दाखवायला गेले तेव्हा विचारलं, "दिवसभर त्या थंड खोलीत काय करतं तू?"

"आत्या, साऱ्या दवाखान्याचे कागद, एक्सरे या एका मशीनमधी राह्यते. कोणी काय उघडाचं आन् कोणाले किती जागा द्याची, ते मी पाह्यतो. आपली धानाची कोठीच म्हण."

कोठी काठोकाठ भरायची नाही, वर चार बोटं मोकळी ठेवायची, ही आमच्या घरची रीत. नाहीतर झाकण बसत नाही, उंदीर शिरतात. मशीनमध्येही ती तेच करायची. मोठ्या डॉक्टरांनी लेकीच्या लग्नाचा व्हिडिओ त्यात टाकला, तेव्हा खुबा मोडलेल्या एका बाईचा एक्सरे मावेना. करुणा म्हणाली, "सर, लग्न घरी न्या. इथी त्या बाईले जागा पाह्यजे." "तुम्ही सासू शोभता," डॉक्टर म्हणाले. पण नेलं.

तिचा नवरा सुधाकर तिथेच गाडी चालवायचा. तो अपघातात गेला त्याच दिवशी, स्मशानातून माणसं परतायच्या आत, तिने त्याचं नाव मशीनमधून बंद केलं. मेलेल्या माणसाच्या नावाने कोणी काही उघडू नये, हा नियम तिचाच. गेलेल्या माणसाचा कप्पा ठरलेली मुदत ठेवून मग रिकामा करायचा, हाही तिचाच नियम; ती मुदत भरल्यावर सुधाकरने मशीनमध्ये ठेवलेले फोटोही तिने काढून टाकले. त्यात रोग्यांचे चेहरे होते, म्हणून घरी आणले नाहीत.

"तुझं काळीज हाय का गोटा? ठेवाचे तिथीच."

"ठेवले असते, आत्या. मंग दुसऱ्या बाईच्या नवऱ्याचे कोणत्या तोंडानं काढू?" त्या दिवशी ती जेवली नाही.

गेल्या आठवड्यात तिच्या जागी आलेल्या माणसाने फोन केला. मशीन भरत आलंय, करुणाची मुदतही भरली. करुणाच्या कप्प्यात तिचा आवाज आहे, हाताखालच्यांना काम शिकवतानाचा. "त्यात रोग्यायची नावं हाय, आत्याबाई, बाहेर देता येत नाई. पण सर म्हणते, मॅडमचं राहू देऊ. तुम्हाले एक डाव फोनवर ऐकवू का?"

ऐकायचं होतं. फार ऐकायचं होतं...

"तिनं ऐकवू देल्लं असतं का?"

तो म्हणाला, "नाई."

"मंग काढ."

परवा नवं धान आलं. भरता भरता माझं ध्यान राहिलं नाही, कोठी काठाला लागली. झाकण बसेना. ओंजळभर काढलं, अजून ओंजळभर... वर बोटं आडवी ठेवून पाहिली. मग झाकण बसलं.