न आलेला माल

आमच्या कंपनीत नवं सॉफ्टवेअर आलं आणि गोदामातल्या लोकांना ते शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. त्या लोकांत माझे सासरेही होते. घरी मी त्यांना बाबा म्हणते, कंपनीत सगळ्यांसारखी नाना. ते मात्र तिथे मला मॅडम म्हणत, आणि मी वर्गात शिरले की सगळ्यांच्या आधी उठून उभे राहत. सकाळी याच माणसाने माझ्या हातात चहा दिलेला असायचा. मला भारी अवघडायला व्हायचं.

नळ आणि पाइप बनवणारी आमची कंपनी. नानांचा जन्म गेला गोदामाच्या दारात माल उतरवून घेण्यात. प्रत्येक खोक्यावर तळहात ठेवायचा, मगच सही करायची, ही त्यांची रीत. ट्रकवाले वैतागत, पण नाना कुणाला दाद देत नसत. उमेदीच्या काळात त्यांच्या जोडीदाराने एकदा विश्वासावर सही ठोकली, माल कमी भरला आणि बिचाऱ्याची नोकरी गेली. तेव्हापासून हात लावल्याशिवाय ‘मिळाला’ म्हणायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलेलं.

शिकवताना सरावासाठी खोटा माल असतो. पडद्यावर येतं, अमुक खोकी आली, आणि आपण ‘मिळाला’चं बटण दाबायचं. बाकीच्यांनी पटापट दाबलं. नाना नुसते पडद्याकडे बघत बसले. मी पुन्हा सांगितलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा. पालथ्या घड्यावर पाणी! आधी वाटलं डोळे, मग वाटलं वय, मग चक्क वाटलं की सुनेकडून शिकायचा कमीपणा वाटतोय. नवऱ्याजवळ तसं फणकारून बोललेही. परीक्षा तोंडावर आली होती. नापास होईल त्याला गोदामातून काढून गेटवर बसवणार, असं साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं. पहिल्याच तुकडीत कुणी गळालं तर माझंही शिकवणं बंद होणार होतं.

शेवटी घरी, ते भांडी पुसत असताना, मी सरळच विचारलं की बटण का दाबत नाही.

“अगं, माल आलाच नाही, तर मिळाला कसं म्हणू?” ते म्हणाले. “मी बसेन गेटवर. त्यात काय.”

घोडं इथे पेंड खात होतं आणि मी भलतीकडेच शोधत होते. हसावं की कपाळाला हात लावावा, कळेना. मग लॅपटॉप ओट्यावर ठेवला आणि सरावात घरातलाच माल भरला. साखरेचा डबा, साबणाच्या वड्या, नवऱ्याचे मोजे. बाबांनी डब्यावर हात ठेवला, बटण दाबलं. साबण मिळाला. मोज्यांपाशी मात्र थांबले. जोडी लिहिलीय, आलाय एकच, म्हणाले, आणि कमी माल कुठे नोंदवायचा ते मला न विचारता शोधून काढलं. नवरा दारात उभा राहून हसत होता. जेवणं होईपर्यंत बाबा सगळं शिकले होते. मला त्यांचा इतका लोभ वाटला की काय सांगू!

परीक्षेला खरी खोकी मांडा, असं मी साहेबांना सुचवून पाहिलं. त्यांनी हसण्यावारी नेलं. माझं शिकवणंही पणाला लागलंय, हे एव्हाना बाबांच्या कानावर गेलं होतं. त्यामुळे परीक्षेच्या खोलीत टेबल, संगणक आणि परीक्षक एवढंच होतं. मी मागे भिंतीशी उभी होते. नानांच्या पडद्यावर खोकी आली. त्यांचा हात सवयीने पुढे झाला, टेबलावर चाचपला आणि मागे गेला. परीक्षकाने घड्याळ पाहिलं. नानांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. घरी पाहतात तसं. मग त्यांनी बटण दाबलं.

ते पास झाले. लोकांनी त्यांच्या पाठीवर थापा मारल्या, साहेबांनी माझं कौतुक केलं. मला ते कौतुक नको झालं होतं. स्वतःसाठी त्यांनी ते बटण कधीच दाबलं नसतं.

संध्याकाळी आम्ही सोबतच घरी निघालो. कंपनीचं फाटक मागे पडलं.

“पोरी, तो माल आला नव्हता,” ते म्हणाले. “तुला ठाऊक आहे ना?”

“ठाऊक आहे, बाबा.”

“मग झालं तर,” ते म्हणाले, आणि माझ्या खांद्यावरची जड पिशवी स्वतःकडे घेतली.