कोरी चिठ्ठी

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात आज दाराशी पुस्तकांचा गठ्ठा सुतळीने बांधून ठेवलेला दिसला. वरचं पुस्तक ओळखीचं निघालं. आमच्या भागातल्या गायरानांचा इतिहास. निवृत्तीनंतर कितीतरी दुपारी मी ते खिडकीशी बसून वाचलंय. वाचता वाचता बाहेरच्या पार्किंगच्या जागी मला गवत हलताना दिसायचं.

"हे रद्दीत का?" मी ग्रंथपालबाईंना विचारलं.

त्यांनी सुतळीतून ते पुस्तक ओढून काढलं आणि शेवटचं पान उघडून तारखांची चिठ्ठी दाखवली. कोरी. "इतक्या वर्षांत एकदाही कुणी घरी नेलं नाही, सर."

"अहो, पण घरी न्यायचं नाही असा शिक्का तुम्हीच मारलाय ना पहिल्या पानावर!"

बाईंनी पहिलं पान उलटून शिक्का पाहिला. "खरंय. पण रद्दीची यादी वरून मंजूर होऊन आली. आता माझ्या हातात काही नाही."

त्याच पुस्तकात एक गाव आहे. गुरांना चारा राहावा म्हणून तिथल्या लोकांनी माळावर कधी नांगर घातला नाही. मग कुणी साहेब पाहणीला आला. त्याला नांगराची रेघ दिसली नाही, म्हणून त्याने कागदावर लिहून टाकलं, पडीक. गावकरी सांगत राहिले, पडीक नाही, गायरान आहे; कागद तसाच राहिला. ते वाचताना मला त्यांचाच राग यायचा. नुसतं सांगत काय बसलात!

मीही सांगूनच पाहिलं. शेवटी म्हटलं, "निदान मला तरी न्यायला द्या."

बाईंनी सवयीने मान हलवली. "संदर्भाचं पुस्तक घरी देता येत नाही, सर."