काढलेल्या फोटोची जागा

दोस्तहो, मानोऱ्यात माझं बॅनरचं दुकान आहे. आज एक काका गृहप्रवेशाचं बॅनर करायला आले. त्यांनी आणलेला काकूंचा फोटो गोल कापून मी त्याच्याभोवती मजकूर वळवला.

"थो फोटो काढ बापा," काका म्हणाले. "शुभ कामात गेलेल्या माणसाचा फोटो नोको, असं भावकी म्हणते."

मी काढला. पण गोल आकार तसाच राहिला, फक्त दिसत नव्हता. ओळी त्या रिकाम्या जागेला वळसा घालूनच जात होत्या.

"थांबा काका, ओळी सरळ करतो."

"राहू दे. तिचीच जागा हाये थे."

संध्याकाळी गाडीवर घरी निघालो. मागं बसणारी आई जाऊन दोन वर्षं झाली. मी अजून पुढं सरकूनच बसतो.

तुम्ही कोणासाठी सरकून बसता?