मुखेडची पोलीस जीप आणि तिचा ड्रायव्हर

गडकिल्ले पाहत फिरणारे पुष्कळ आहेत. मी नोकरीतून निवृत्त झालेल्या पोलीस गाड्या पाहत फिरते. परभणीला बँकेत काम करते, आणि सुट्टी मिळाली की लिलावात गेलेली एखादी जीप शोधायची, ती कुठल्या ठाण्याला होती, कोणी चालवली, हे लिहून ठेवायचं. घरच्यांना याचं आता हसूसुद्धा येत नाही. दिवाळीनंतर तीन दिवस मोकळे मिळाले, तेवढ्यात नांदेडच्या ओळखीच्या मेकॅनिकचा फोन आला, "ताई, मुखेडकडं एका शेतकऱ्याजवळ जुनी जीप हाय. अजून चालू हाय." दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी माझी छोटी कार घेऊन निघाले.

नांदेडला नाश्ता केला. स्टँडजवळच्या गाड्यावर गरम सुशीला, म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा उपमा, वर शेव आणि लिंबू. पन्नास रुपयांत दोन प्लेटी आणि चहा. पुढे नायगाव, नरसीवरून मुखेड. रस्ता बहुतेक चांगला आहे, पण काम चालू असलेल्या तुकड्यांवर खडी आहे, तेव्हा टायर बघूनच निघा. दोन्ही बाजूंना तूर फुलावर आली होती.

जीप त्या शेतकऱ्याच्या, बालाजीरावांच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घराच्या पत्र्याखाली उभी होती. पन्नाशीचे गृहस्थ, बोलायला मोकळे. जीपला वरून पांढरा रंग दिलेला, पण दाराच्या कडेला खरवडलं गेलं होतं तिथून जुना निळा पट्टा दिसत होता. छतावर दिव्याची भोकं पुट्टीनं बुजवलेली. मागे समोरासमोरची दोन लोखंडी बाकं तशीच.

"सोयाबीनची पोती नेतो, कुणी आजारी पडलं तर त्यालाबी नेतो," बालाजीराव म्हणाले. "लिलावाच्या दिवशी हिचा जुना डायवर आला होता. हात फिरवला नुसता. म्हणला, गाडी लई इमानी हाय, सांभाळा. उदगीरचा हाय. सोनकांबळे."

सोनकांबळेंचा फोन नंबर बालाजीरावांकडे होता. मी फोन केला. पलीकडच्या माणसानं जीप चालू आहे का ते विचारलं. मग म्हणाला, "या की मग."

मुखेडहून जांबमार्गे उदगीर. या रस्त्यावर हॉटेलं कमी आहेत, पाणी बरोबर असू द्या. उदगीरला लॉजची खोली आठशेत मिळाली, साधी पण स्वच्छ. संध्याकाळी पाचला मी कोंडिबा सोनकांबळेंच्या घरी पोचले. बाहेरच्या खोलीत बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, खाली त्यांच्या नातीची कॉलेजची पुस्तकं. सत्तरी गाठलेला, ताठ बसणारा माणूस. त्यांनी अकरा वर्षं ती जीप चालवली होती.

मी मोबाईलवर फोटो दाखवले. ते एकेक पाहत गेले. मागच्या बाकाच्या फोटोवर थांबले.

"मुखेडहून येताना पूल लागला न्हाई का मोठा?"

लागला असेल. मी लक्ष दिलं नव्हतं.

"तवा तिथं नुसता फरशीपूल होता. कठडा न्हाई, काही न्हाई."

वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. एका वाडीतल्या बाईला साप चावला होता. जीपमध्ये कोंडिबा, हवालदार माधवराव, आणि मागच्या बाकावर ती बाई व तिचा भाऊ. ओढ्याला पूर आलेला, फरशीवरून गुडघाभर पाणी. माधवराव म्हणाले, थांबू, उतरेल पाणी.

"मी म्हणलो, बाई जाईल तवर. गाडी घालतो." कोंडिबा मोबाईलकडेच पाहत होते. "फरशीची कड दिसत नव्हती. मग माधवराव उतरले. काठीनं कड चाचपत पुढं चालले, मी त्यांच्या मागं मागं. काठाजवळ ते पाण्यातच बाजूला सरले, मला पुढं जाऊ दिलं. माझी पुढची चाकं रस्त्याला लागली, अन् वरून एक झाड वाहत आलं. मी आरशात बघितलं तर ते न्हाईत."

बाई वाचली. आठव्या दिवशी दवाखान्यातून चालत घरी गेली. माधवराव कसे गेले ते कागदावर दोन शब्दांत आलं: पाय घसरून. जीप पाण्यात घालायचं कोणी ठरवलं, हे कोणी विचारलं नाही आणि कोंडिबांनी सांगितलं नाही.

"माधवरावांच्या मंडळी, इंदुबाई, लातूरला असतात, लेकीजवळ. मी दोनदा गेलो. गल्लीच्या तोंडापासून माघारी आलो." मग पहिल्यांदाच माझ्याकडे पाहून म्हणाले, "तुमी उद्या लातूरला चालले म्हणलात ना? मला न्या."

लातूरला मी एका जुन्या व्हॅनसाठी जाणार होते. ती बघायची राहिली. सकाळी आठला आम्ही नळेगावमार्गे निघालो. दोन तास लागतात. सगळ्या वाटेत कोंडिबा फक्त रस्त्याबद्दल बोलले, "खड्डा हाय," "ट्रॅक्टरला जाऊ द्या."

लेक कामावर गेली होती. इंदुबाईंनी दार उघडलं. कोंडिबांनी नाव सांगितलं तेव्हा त्या क्षणभर चौकटीला धरून उभ्या राहिल्या, मग म्हणाल्या, "आत या." मी बाहेर थांबते म्हणाले, तर कोंडिबांनी नको म्हणून मान हलवली. मी दाराशी बसले.

कोंडिबांनी सगळं सांगितलं. गाडी घालायची आपणच म्हणालो, हे सगळ्यात आधी.

इंदुबाईंनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "मला सगळे सांगायचे, पाय घसरला. भावकीत तर म्हणायचे, गाडीत बसायचं सोडून उगं कशाला उतरले. मलाबी तसंच वाटायचं. राग यायचा त्यांचा." मग त्यांनी विचारलं, "काही बोलले का हो ते?"

"डावीकडं घे कोंडिबा, म्हणले. येवढंच."

"मग घेतली का तुमी?"

"घेतली. म्हणून तर गाडी निघाली."

इंदुबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मग त्या उठल्या, आत गेल्या, आणि स्टोव्ह पेटवल्याचा आवाज आला. "दुपारचं जेवूनच जायचं," त्या आतून म्हणाल्या. "इतक्या वर्षांनी आलात."

ज्वारीची भाकरी, वरण, हिरव्या मिरचीचा ठेचा. जेवणाआधी कोंडिबांनी खिशातून शुगरची गोळी काढून घेतली. क्षमा केली, असं कोणी म्हणालं नाही. निघताना इंदुबाईंनी कोंडिबांना विचारलं, शुगरची गोळी रोज वेळेवर घेता का.

त्यांना उदगीरच्या बसमध्ये बसवून मी अंबाजोगाईवरून परभणीला परतले. दोन दिवसांत डिझेल, राहणं, खाणं धरून पाच हजारांच्या आत भागलं. या भागात यायचं असेल तर दिवाळी ते संक्रांत हा काळ उत्तम.

जीपचा इंजिन नंबर लिहून घ्यायचा राहिला. आजवर माझ्या नोंदीत ठाणं, साल, ड्रायव्हर, लिलाव असंच असायचं; गाडीतून उतरून पुढे चालत गेलेल्या माणसाला त्यात जागा नव्हती.

गेल्या रविवारी कोंडिबांचा फोन आला. इंदुबाई लेकीसोबत उदगीरला येऊन गेल्या होत्या. तिथून तिघं बसने त्या पुलापर्यंत गेले. नवा पूल उंच आहे, ओढ्याला पाणी घोट्याइतकंच होतं.

"मग?" मी विचारलं.

"मग काही न्हाई. त्यांनी विचारलं, कुठपर्यंत आले होते ते. मी खाली उतरून जागा दाखवली. त्याबी उतरल्या. तिथंच उभ्या होत्या, बस येईस्तोवर."