आत येणारी पावलं

पांढुर्ण्यात कुणाकडे लग्न निघालं की रांगोळीसाठी विजयमालाला बोलावणं यायचं. तिच्या चिमटीतून रेघ सुतासारखी उतरे. शिकायला येणाऱ्या पोरींना ती सांगायची, उंबऱ्याशी स्वस्तिक, तुळशीपुढे गोपद्म, देवासमोर कमळ. आणि लक्ष्मीची पावलं नेहमी आत येणारी. बोटं घराकडे, टाच रस्त्याकडे.

महालक्ष्म्या यायच्या दिवशी सकाळपासून पावसाची झड लागली होती. अंगणात बसायची सोय नव्हती. म्हणून ती दारात, आतल्या बाजूने बसली. तांदळाच्या ओल्या पिठात मूठ बुडवायची, ओसरीवर टेकवायची, वर पाच बोटांचे ठिपके द्यायचे. ठिपके आपल्यापासून लांबच्या बाजूला, ही हाताची सवय. बाहेर बसलं की लांब असतं ते घर. त्या दिवशी ती आत बसली होती.

नवरा मनोहर सावरगावहून केळीची पानं आणायला निघाला. खाली पाहून थबकला.

"अवं, लक्ष्मी तं बाहेर चालली! चाला, सोबत भेटली मले."

"गुमान जा. पुसतो मी आत्ता," ती हसत म्हणाली.

पावलं ओलांडून तो गेला. जाम नदीच्या रपट्यावर, त्या बुटक्या पुलावर, पाण्याने त्याला मोटरसायकलीसकट ओढून नेलं. मोटरसायकल सापडली. तो सापडला नाही.

तेव्हापासून ती रोज अंगणात बसून पावलं काढायची. फाटकापासून दारापर्यंत. सगळी आत येणारी.

"विजू, सुतकात दाराले रांगोळी टाकत नाही कोणी," मोठी जाऊ मालती म्हणाली. "बाया काय काय बोलून राहिल्या गल्लीत."

"सुतक कोनाचं, ताई?"

"आता मी नाव घेऊ का त्याचं?"

"नका घेऊ. मंग सुतकबी नाही."

शेवटी मनोहरच्या मोठ्या भावानं, भगवंतरावांनी ठरवलं. देह नव्हता म्हणून नदीकाठी कुश गवताचा पुतळा जाळला. संध्याकाळी माजघरात पीठ पसरलं, शेजारी दिवा ठेवला, वर टोपली झाकली. पिठात जे पाऊल उमटतं, तो गेलेल्याचा पुढचा जन्म. गाईचं, पाखराचं, माणसाचं.

उजाडताना विजयमालानं एकटीनं टोपली उचलली. पीठ कोरं होतं. तिला एकदम श्वास घेता आला. पाऊल नाही. म्हणजे तो तिकडे गेलाच नाही. कुठेतरी आहे. वाट चुकला आहे.

तिनं पिठावर मूठ टेकवली. पाच ठिपके दिले. बोटं देवघराकडे. "या," एवढंच त्याला म्हणाली. मग टोपली जशीच्या तशी झाकली.

थोड्या वेळानं सगळे जमले. भगवंतरावांनी टोपली बाजूला केली आणि तिथेच खाली बसले.

"मानसाचा पाय!" त्यांना हुंदका आवरेना. "पाहा, मानसाचा जन्म भेटला माह्या भावाले."

सगळ्यांनी हात जोडले. "सुटला बिचारा," कुणीतरी म्हणालं.

"मी काढला तो पाय," विजयमाला म्हणाली. कुणी ऐकलं नाही. ती ओरडली, "मी काढला! त्यायले घरी बलावाले काढला!"

"हो विजू, हो," मालती म्हणाली. तापात बरळणाऱ्याशी बोलतात तसं.

विजयमालानं मूठ पुढे केली. मुठीच्या कडेला पीठ होतं. मालतीनं ते आपल्या पदरानं पुसलं. मग तो हात तिनं सोडला नाही. त्यातल्या बांगड्या मागे सारून तिनं दगड मागितला.