खटक्याचा दुसरा आवाज

मशीनबाईंनी आयुष्यभर शिलाई मशिनी दुरुस्त केल्या. "तेलावाचून यंत्र आणि चहावाचून नवरा, दोघंही कुरकुरायचेच," असं त्या गिऱ्हाइकाला सांगत आणि बोलता बोलता तेलाची कुपी उचलत.

नवरा फिटर. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरामागच्या बागेत छोटी आगगाडी उभी केली. लिंबाच्या झाडाला वळसा घालून कुंपणाच्या भिंतीवरून परत येणारे रूळ, आणि त्यांवर खऱ्या वाफेचं, वीतभर लांबीचं इंजिन. त्याचा एकेक भाग त्यांनी घरच्या लेथवर कातला होता. मग एका सकाळी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. हात परत आला, पण कप धरण्यापुरता. हे इंजिन मोडलं तर दुसरं होणार नव्हतं. घरात सगळ्यांना ते ठाऊक होतं.

बागेत धोक्याची जागा एकच. इंजिनाच्या शेडकडे रुळांना फाटा फुटायचा तो सांधा नेमका भिंतीवर होता, आणि भिंतीपलीकडे पुरुषभर खोल दगडी नाला. सांधा फिरवायचा जुना खटका गंजून गेला होता. बाईंचा धाकटा भाऊ हौसेनं प्लास्टिकचा घेऊन आला. उन्हाळ्यानं त्याचे दोन तुकडे केले.

"मग बटणच बसव ना, ताई," भाऊ म्हणाला. "दाजी खुर्चीतून बोटानं दाबतील की काम झालं."

"आणि सांधा बसला की नाही, ते बटण सांगणार का? तुझ्यासारखंच ते. 'हो हो' म्हणणार आणि जागचं हलणार नाही."

बाईंनी लोखंडी खटका निवडला. त्याच्या दांड्याला वजनाचा गोळा होता, तो त्यांनी पांढरा रंगवला. गोळा ज्या बाजूला पडेल ती वाट मोकळी, म्हणजे यांना खुर्चीतून दिसेल.

फिटरांनी खटका डाव्या हाताने चालवून पाहिला. "चांगला आहे. पण दिसण्यावर जाऊ नकोस. दोन आवाज ऐक. पहिला गोळ्याचा, दुसरा रुळाचा. दुसरा आला नाही तर सांधा बसला नाही, गोळा काहीही म्हणो."

आजारपणानंतर आज पहिल्यांदाच गाडी सुटायची होती. भावाने पाणी भरलं, फिटरांनी डाव्या हाताने वाफ सोडली. "कुणी हात लावायचा नाही," ते म्हणाले. "एक फेरी तिची तिला करू द्या." इंजिन शेडमधून निघालं, सांधा ओलांडून वळणाला लागलं. ते फेरी करून परत यायच्या आत सांधा फिरवायचा होता. बाईंनी खटका ओढला.

टक.

पांढरा गोळा बरोबर बाजूला पडला. खुर्चीत फिटर समाधानानं मागे रेलले. बाई तशाच वाकून थांबल्या. दुसरा आवाज आलाच नाही.

त्यांनी खटका उलटा फिरवला, पुन्हा ओढला. टक. एकच. सरकता रूळ मोठ्या रुळापासून नखभर दूर राहिला होता. तेवढ्या फटीत चाक शिरलं की इंजिन थेट नाल्यात. फटीत काहीतरी काळं, ओलसर चमकत होतं. तेल, आणि तेलात घट्ट बसलेली वाळू. परवाच त्यांनी मायेनं सांध्याला तेल दिलं होतं, मशीनला देतात तसं. पण मशीन घरात झाकणाखाली असतं. इथे वाऱ्यानं सगळ्या बागेची धूळ आणून त्या तेलावर बसवली होती.

लिंबामागून फुसफुस ऐकू आली.

"ताई, उचल की इंजिन!" भाऊ ओरडला.

उचलायचं कसं? तापलेलं लोखंड, अरुंद भिंत. हात भाजून सुटला तर नालाच. बाई गुडघ्यांवर बसल्या. केसांतला आकडा काढून फटीत घातला आणि खरवडू लागल्या. एक खडा निघाला. एक आत सरकला. इंजिन भिंतीवर चढलं. आकडा वाकला. तो टाकून त्यांनी दोन्ही सरकते रूळ जोडणाऱ्या पट्टीवर बाहेरून अंगठा रोवला आणि सगळा भार देऊन दाबला. फट मिटली. उकळत्या पाण्याचे थेंब मनगटावर पडले. बाईंनी अंगठा हलवला नाही. चाकं एकामागून एक खडखडत पुढे गेली आणि इंजिन वळणाकडे निघून गेलं.

भावाने धावत जाऊन पलीकडच्या सपाटीवर वाफ बंद केली. फिटर खुर्चीत अर्धवट उठून उभे होते.

"तेल दिलंस?"

"दिलं." बाई मनगटावर फुंकर घालत होत्या. "चांगल्यातलं, मशीनचंच."

"आणि मला प्लास्टिकवरून बोलत होतीस," भाऊ म्हणाला.

"गप्प बस आणि थंड पाणी आण." फिटर त्याला म्हणाले आणि हळूच खाली बसले. मग बाईंना म्हणाले, "हात आधी बघ. मग रॉकेलची चिंधी. आणि सांध्याला तेल नाही, शिसपेन्सिलीची पूड."

बाईंनी हात गार केला, सांधा धुतला, कोरडा केला, बोटाच्या टोकानं पूड चोळली. मग खटक्यावर हात ठेवून त्यांनी वर पाहिलं. फिटरांनी मुद्दाम मान फिरवली होती, गोळा दिसणार नाही अशी.

टक. टक.

"सोड गाडी," ते भावाला म्हणाले.